सावलीला काय घाबरायचं

सुरतेत आमच्या पिढीची माणसं वर्षं मोजताना प्लेगच्या आधी आणि प्लेगच्या नंतर असं मोजतात. ही गोष्ट प्लेगच्या पुढल्या वर्षीची, म्हणजे पंच्याण्णव सालची. मी गोडादऱ्याच्या अलीकडच्या एका मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होते. इमारत एकच होती, सकाळी मराठी शाळा आणि दुपारी गुजराती. आमच्याकडे येणारी जवळजवळ सगळी मुलं खानदेशातून आलेल्या घरांतली होती. बाप लूमवर, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी किंवा साड्यांचे धागे कापणारी. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती, आणि पुस्तकातली मराठी फक्त शाळेपुरती. मी स्वतः अमळनेरकडची, लग्न होऊन सुरतेला आलेली. त्यामुळे पोरं मधल्या सुट्टीत काय बोलतात ते मला कळायचं आणि वर्गात ती काय समजतात तेही कळतं, असा माझा समज होता. बारा वर्षं नोकरी झाली होती. परीक्षेत माझ्या विषयाचा निकाल चांगला लागायचा.

त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण येणार होतं. रेडिओवर, टीव्हीवर, वर्तमानपत्रात त्याचीच चर्चा. आमच्याकडे पूर्ण दिसणार नव्हतं, पण सूर्याचा बराच भाग झाकला जाणार होता. पुस्तकात ग्रहणाचा धडा पुढे होता, तो मी ओढून सुट्टीच्या आधी घेतला. मुलांना आयतं आकाशात बघायला मिळणार, मग ते नुसतं पाठ कशाला करायचं, असं माझं म्हणणं.

धडा मी मन लावून शिकवला. खिडक्या लावून घेतल्या, टेबलावर बॅटरी ठेवली, एका मुलाला पृथ्वी केलं आणि दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या हातात रबरी चेंडू देऊन तिला चंद्र केलं. ही मुलगी वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी. नवागामात एका खोलीत राहायची. शाळेतून गेली की आईबरोबर टिकल्या लावायला बसायची, तरी गृहपाठ कधी चुकला नाही. चेंडू घेऊन ती हळूहळू बॅटरीसमोरून गेली, सावली त्या मुलाच्या चेहऱ्यावर पडली आणि सगळा वर्ग ओरडला, "ग्रहण लागलं!"

मग मी विचारलं, "घरी काय सांगतात ग्रहणाचं?"

उत्तरांचा पाऊस पडला. राहू गिळतो. शिजवलेलं फेकून द्यायचं. पोटुशी बाई सुरी-कात्री हातात घेत नाही. दार बंद करून बसायचं, बाहेर बघायचं नाही, बघितलं की बाधा होते. मी एकेक गोष्ट फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकीवर खडूने काट मारली. मला त्यात फार आनंद वाटत होता, हे आज कबूल करते. शेवटी हात झाडून म्हणाले, "ग्रहण म्हणजे फक्त सावली. सावलीला काय घाबरायचं?"

धड्याच्या शेवटी एक ओळ होती. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये. ती मी वाचून दाखवली. वाचून दाखवली एवढंच. तेवढ्यात त्या मुलीने हात वर केला.

"बाई, चंद्र पुढे आला की सूर्याचं ऊन कमी होतं ना?"

"हो, कमी होतं," मी म्हणाले. घंटा झाली. मुलं दप्तरं उचलून पळाली.

ती असं का विचारते आहे, हे मी विचारलं नाही. एक वाक्य जास्त बोलायचं होतं. इतक्या वर्षांत मी मनाने या जागेवर किती वेळा येऊन थांबले असेन, त्याला गणती नाही.

ग्रहणाच्या दिवशी मी घरीच होते. सासूबाईंनी सकाळीच पडदे ओढले होते. सणासुदीच्या दिवसांत वाद नको म्हणून मी काही बोलले नाही, आणि सगळ्यांबरोबर बसून ते टीव्हीवर पाहिलं. बाहेर उजेड फिकट झाला तेव्हा क्षणभर वाटलं, आपली पोरं आत्ता बघत असतील. बरं वाटलं.

सुट्टी संपून शाळा उघडली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वह्या तपासताना त्या मुलीची वही हातात आली. फळ्यावरून उतरवलेल्या शब्दांतली मधलीच अक्षरं गळालेली. रेघ सोडून लिहिलेलं. मी तिला उभं केलं.

"दिवाळीत अक्षर विसरून आलीस का?"

ती माझ्याकडे बघत होती, पण मान वाकडी करून, जणू माझ्या कानामागे कुणी उभं आहे आणि त्याच्याकडे बघते आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मला तो उद्धटपणा वाटला. "सरळ बघ," मी म्हणाले. तिने मान सरळ केली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात घेऊन बसले. ती म्हणाली, "बाई, मी जिथे बघते ना, तिथेच डाग असतो. बाजूचं दिसतं. तुमचं तोंड दिसत नाही, साडी दिसते."

"कधीपासून?"

"ग्रहणापासून."

"तू सूर्याकडे बघितलंस? नुसत्या डोळ्यांनी?"

"हो. गच्चीवर गेले होते. आई नको म्हणत होती, म्हणून तिला सांगितलं नाही. पुष्कळ वेळ बघितलं. आधी डोळ्यांत पाणी आलं, मग सवय झाली."

"अगं, पण मी वाचून दाखवलं होतं ना, उघड्या डोळ्यांनी बघू नये म्हणून?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "ते तर सगळेच म्हणतात, बाई. आईपण तेच म्हणत होती. आणि तुम्ही फळ्यावर त्याच्यावर काट मारली होती."

मग तिने आपणहून समजावून सांगितलं, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. "चंद्र थंड असतो ना, बाई. तो पुढे आला की सूर्य थंड होतो. ऊन कमी होतं, तुम्हीच म्हणालात. मग थंड सूर्याने डोळे कसे जळतील? आणि सावलीने कुणाला काही होतं का?"

तिच्या बोलण्यात एकही दुवा तुटलेला नव्हता. मी दिलेल्या वाक्यांतूनच तिने ते सगळं बांधलं होतं. तिच्या घरातली राहू-केतूची समजूत मला ठाऊक होती, ती मी पुसली. ही दुसरी समजूत तिची स्वतःची होती. घरात कुणी सांगितलेली नाही, कुठल्या पोथीतली नाही. ती मला ठाऊकच नव्हती. झाकल्यावर उरलेली सूर्याची कोरसुद्धा तितकीच जळजळीत असते, उजेड कमी झाल्यामुळे आपण डोळे न मिटता तिच्याकडे बघत राहतो आणि त्यातच घात होतो, हे मी सांगायला हवं होतं. खरं सांगायचं तर हे इतकं नीट मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

"तुम्ही कुठून बघितलं, बाई?" तिने विचारलं.

"टीव्हीवर," मी म्हणाले.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर नवागामला गेले. खोलीत साड्यांचा ढीग, मध्ये टिकल्यांची डबी. तिची आई हातातलं काम टाकून उठली. "या बाई, बसा. पोरनं काही चुकनं का?"

मी सगळं सांगितलं. सांगताना वाटत होतं, आता ही मला बोलेल. बोलावं असंच वाटत होतं. ती ऐकत राहिली, मग मुलीची हनुवटी धरून तिने तिचा चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला. "मी दार लाई लेयेल व्हतं," ती म्हणाली. "ही पोर गच्चीवर कवय गयी, माले समजनंच नही." आणि मग मुलीला म्हणाली, "म्हनीसन टिकली वाकडी लावस का तू?" पंधरा दिवस टिकल्या वाकड्या लागत होत्या आणि त्यासाठी पोरीने दोनदा मार खाल्ला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हणाले, "चूक माझी आहे. मी वर्गात सांगितलं, घाबरू नका म्हणून."

"तुमना काय दोस, बाई? तिना नसीबमा व्हतं." तिने मला चहा दिला. तो चहा मी कसा प्यायले, माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्या दोघींना मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डोळ्यांच्या विभागात ही रांग. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून त्यांनी बराच वेळ तपासलं. दिवाळीनंतर अशी चार-पाच माणसं येऊन गेली, असं ते म्हणाले. मग कागदावर डोळ्याचं चित्र काढून आतल्या पडद्याच्या मधोमध एक ठिपका दिला. बारीक बघायचं काम ज्या जागेचं, तीच भाजली आहे. "बेन, आनो कोई इलाज नथी," ते मला म्हणाले. यावर इलाज नाही. काही महिन्यांत थोडं आपोआप सुधारतं, कुणाचं सुधारत नाही. वाट बघा.

तिची आई माझ्याकडे बघत होती. तिला गुजराती चांगलं कळायचं. तरी मी मराठीत पुन्हा सांगितलं, आणि सांगताना त्यातलं "कुणाचं सुधारत नाही" एवढं गाळलं.

शाळेतल्या आमच्या आचार्यांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, मी लेखी कळवायचं ठरवलं होतं. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "बाई, तुम्ही तिला म्हणालात का, जा आणि सूर्याकडे बघ?"

"नाही."

"पुस्तकातली ओळ वाचून दाखवलीत?"

"वाचली."

"मग झालं तर. हे लिहून देऊ नका. उद्या कुणी विज्ञान शिकवायलाच धजणार नाही." त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. दोन वर्षांनी निवृत्त होणारा, थकलेला माणूस. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मला कुणीच दोष देत नव्हतं, त्यामुळे मला तो दोष कुठे ठेवताही येत नव्हता.

मग मी हाताला येईल ते करत राहिले. तिला पुढच्या बाकावर घेतलं. फळ्यावर मोठं लिहायला लागले. शेजारच्या मुलीला तिच्यासाठी धडा हळू आवाजात वाचून दाखवायला बसवलं. मान वाकडी करून बघते म्हणून पोरं तिला "तिरपी" म्हणायला लागली, तेव्हा दोघांना मारलं, आणि त्याने ते थांबलं नाही, फक्त माझ्यामागे व्हायला लागलं. उन्हात भिंग धरून कागद जाळून दाखवला, डोळ्यात असंच भिंग असतं म्हणून सांगितलं. तो प्रयोग मी सगळ्या वर्गापुढे केला, पण माझं लक्ष तिच्या एकटीकडे होतं. ती मान डोलावत होती.

वार्षिक परीक्षेत तिची तोंडी परीक्षा घ्यायची परवानगी मी मागून आणली. आचार्यांनी ती मुकाट्याने दिली. मी विचारलं, सूर्यग्रहण कसं होतं? तिने घडाघडा सांगितलं. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत. चंद्राची सावली पृथ्वीवर. उघड्या डोळ्यांनी का बघू नये? सूर्याच्या तीव्र प्रकाशाने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. पूर्ण गुण. मी ते मांडले, वही मिटली.

तेव्हा ती खाली वाकून म्हणाली, "बाई, मग ती सावली कधी निघेल?"

"कुठली सावली?"

"माझ्या डोळ्यांत गेली ती. चंद्राची." तिने बोट समोर धरलं, बहुतेक त्या डागावर. "काळीच आहे. गोल आहे. तशीच."

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. भिंग, कागद, पडदा. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हो बाई, ते आहे. पण ही सावली?"

तिचं परीक्षेतलं उत्तर एका खणात आणि समजूत दुसऱ्या खणात, आणि मध्ये भिंत. त्या भिंतीपर्यंतसुद्धा मी पोहोचू शकत नव्हते.

परीक्षेनंतरच्या सुट्टीत विज्ञानाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. प्रशिक्षक मोठे हुशार गृहस्थ. त्यांनी आम्हाला कागद वाटले आणि ग्रहणाबद्दल मुलांच्या मनात कोणत्या चुकीच्या समजुती असतात ते लिहायला सांगितलं. माझ्या मनात आलं, निदान विचारताहेत तरी. ते एकेक कागद वाचू लागले. राहू-केतू. राहू-केतू. अन्न टाकून देणं. पुन्हा राहू-केतू. सगळ्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या समजुती लिहिल्या होत्या. पोरांची एकही नव्हती. माझा कागद आला. चंद्र थंड असतो, म्हणून तो पुढे आला की सूर्य थंड होतो. लोक हसले.

"बेन, ऐसा कौनसा बच्चा बोलेगा?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"बोली है," मी म्हणाले. पुढे सांगायला तोंड उघडलं आणि तशीच खाली बसले. त्यांना वाटलं, हसल्यामुळे मला वाईट वाटलं. त्यांनी माफी मागितली आणि चहाची सुट्टी दिली. चहाच्या वेळी दुसऱ्या शाळेतल्या एक बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण चंद्र थंडच असतो ना हो?"

मीही पुष्कळ वर्षं तेच शिकवत आले होते. चंद्राचा शीतल प्रकाश, असं निबंधात लिहून आणणाऱ्या मुलांना मी शाबासकी दिलेली होती.

पुढच्या वर्षीपासून धड्याआधी मी मुलांना विचारायला लागले. तुम्हाला काय वाटतं, का वाटतं? आधी कुणी बोलेना. बाईंना हवं ते उत्तर काय, हे शोधत माझ्या तोंडाकडे बघायची. मग हळूहळू बोलली. पृथ्वी गोल आहे, पण आपण तिच्या आत राहतो. दिवसा चंद्र विझतो. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो. एका वर्गात साठ मुलं, साठ आकाशं. त्यातली चार-पाच मी ऐकून घेईपर्यंत तास संपायचा. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून मला ताकीद मिळाली. ताकीद बरोबरच होती. पुष्कळदा वाटायचं, पूर्वी काही दिसत नव्हतं तेच सुखाचं होतं. आता दिसत होतं आणि करता येत काही नव्हतं.

ती मुलगी सातवी पास झाली. आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला घालायला मी तिच्या घरी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी वडील घरी होते, रात्रपाळी करून आलेले. खाटेवर उठून बसले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, फळा दिसत नही तिले. कितला दिन दुसरीना डोयाथीन शिकी ती?" किती दिवस दुसरीच्या डोळ्यांनी शिकणार, हे त्यांचं खरंच होतं. टिकल्यांचं काम तिला जमेना. पुढे ती एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे साड्या रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात, साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली.

नव्वदचं दशक संपता संपता, ऐन पावसाळ्यात, पुन्हा एक सूर्यग्रहण आलं. या वेळी आमच्या भागात सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणार होता, संध्याकाळी. आदल्या दिवशी मी वर्गावर्गांत गेले. मुलांनी विचारलं, बघायचं कसं? माझ्याजवळ ना ग्रहणाचे चष्मे होते ना धीर. मी म्हणाले, "कुणी बघायचं नाही. दार लावून घरात बसायचं."

"का, बाई?"

"मी सांगते म्हणून."

कारण मला आता चांगलं ठाऊक होतं, पण ते कोणत्या डोक्यात जाऊन काय होईल, याची मला भीती बसली होती. दुसऱ्या दिवशी ढग इतके होते की सूर्य दिसलाच नाही. नुसतंच अंधारून आलं आणि गेलं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ती मला लिंबायतच्या बस थांब्यावर भेटली. मी भाजीवाल्याशी बोलत होते, त्या आवाजावरून तिने ओळखलं. "बाई ना?" उंच झाली होती. लग्न ठरलं होतं, मुलगा शिरपूरकडचा. मी विचारलं, "डोळे कसे आहेत?"

"डावा थोडा सुधारला. उजवा तसाच. घड्या घालायला बाजूचं दिसलं तरी चालतं." त्या मुलाला सांगितलंय का, हे मला विचारवेना. तिनेच सांगितलं, "त्यांना माहीत आहे. सासू म्हणाली, चूल दिसते ना, पुरे."

लांबून एक बस येत होती. "बाई, पाटीवर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

मी वाचून सांगितलं. ती तिची बस नव्हती. आम्ही दोघी पुढच्या बसची वाट बघत उभ्या राहिलो. बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, तिची माफी मागायचीही राहिली होती, पण मी तिच्या आईची चौकशी करत राहिले.